चौथ्याची वेळ

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला कोणी थंडीचे कौतुक सांगू नये, असे जानेवारीतल्या त्या शनिवारपर्यंत मला वाटत असे. डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचला कानटोपी घालून मी मैदानावर फक्की मारलेली आहे. ‘महाबळेश्वरात दवबिंदू गोठले’ ही दर हिवाळ्यात ठरल्याप्रमाणे येणारी बातमी वाचून दोनतीनदा मोटारसायकलवरून वेण्णा तलावापर्यंतही गेलो आहे. तिथे बोटींच्या धक्क्यावर, उभ्या गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर एक पांढरा मुलामा दिसतो. पर्यटक तो नखाने खरवडून एकमेकांना दाखवतात, फोटो काढतात, आणि ऊन जरा वर आले की सगळे ओले होऊन संपते. आमच्याकडच्या गोठलेल्या दवाचे आयुष्य एवढेच.

लंडनच्या नैर्ऋत्येला टेडिंग्टन नावाचे उपनगर आहे. मुलगी आणि जावई तिथे राहतात, आणि नातीच्या जन्मानंतर सहा महिन्यांच्या व्हिसावर आम्ही दोघे तिथे गेलो होतो. त्यांच्या घरापासून चालत काही मिनिटांवर बुशी पार्कचे फाटक आहे. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कारंजे, घसरगुंडी आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी येते. हे उद्यान सुमारे अकराशे एकरांचे आहे. आठव्या हेन्री राजाच्या काळापासून तिथे शिकारीसाठी हरणे राखलेली होती आणि त्यांचे कळप आजही मोकळे चरतात. एका बाजूला हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा आहे, आणि त्या राजवाड्याकडे जाणारा मैलभर लांबीचा सरळसोट रस्ता क्रिस्टोफर रेन या वास्तुविशारदाच्या योजनेतून झाला, दोन्ही बाजूंना चेस्टनटच्या झाडांच्या रांगा लावून. मी रोज सकाळी तिथे फिरायला जात असे, आणि दर शनिवारी नऊच्या सुमारास तिथे शेकडो माणसे धावताना दिसत. मला वाटे, कसली तरी स्पर्धा असेल.

‘स्पर्धा नाही बाबा, पार्करन आहे,’ मुलगी म्हणाली. ‘दर शनिवारी असते. पाच किलोमीटर. तुमचेही नाव घालते.’

‘फी किती?’

‘काही नाही.’

‘मग टी-शर्ट, पदक?’

‘तेही काही नाही.’

फी नाही, पदक नाही आणि तरीही हजारावर माणसे दर आठवड्याला येतात, हे गणित माझ्या डोक्यात बसेना. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून जाणारी डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते, तिथे मी स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो आहे. नावनोंदणी, शुल्क, छातीवरचा नंबर, पुरस्कर्त्यांची नावे मिरवणारी कमान, सगळे कसे रीतसर असते. इथे मुलीने संगणकावर माझे नाव, जन्मतारीख आणि तातडीच्या वेळी कळवायचा एक फोन नंबर भरला, त्यातून एक बारकोड निघाला, तो तिने कागदावर छापून कातरला आणि माझ्या खिशात घातला. हा बारकोड एकदाच काढायचा आणि जगातल्या कुठल्याही पार्करनला तोच दाखवायचा, एवढीच त्यांची कागदपत्रे.

शुक्रवारी रात्री आकाश निरभ्र होते आणि वारा अजिबात नव्हता. अशा रात्री जमिनीची ऊब ढगांनी अडवली जात नाही, ती सरळ वर निघून जाते, गवताची पाती हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्यावर बसणारी वाफ पाणी न होताच बर्फाच्या कणांच्या रूपाने चिकटते. वेण्णा तलावाकाठीही हेच घडते. गावात पारा शून्याच्या बराच वर असतानाही खोलगट जागेत थंड हवा साचून दव गोठते. फरक इतकाच, की इथे जानेवारीत सूर्यच आठच्या सुमारास उगवतो आणि उगवल्यावरही झाडांच्या शेंड्यांपर्यंत यायला त्याला दुपार होते, त्यामुळे रात्री जमलेले सकाळी उडून जात नाही. मुलगी सारखी फोनवर पाहत होती. पार्करन पावसासाठी सहसा रद्द होत नाही, पण वाटेवर बर्फाचा निसरडा थर असेल तर होतो. सकाळी लवकर कोणीतरी अंधारातच सगळी वाट चालून पाहतो आणि मग निर्णय कळवतो. गवतावरचे हिम चालते, कारण त्याच्यावर बूट रुततो. धोका असतो तो डांबरावर साचलेले पाणी गोठून जो जवळपास अदृश्य पापुद्रा तयार होतो त्याचा. पावणेआठपर्यंत रद्द झाल्याची खबर आली नाही, आणि आम्ही निघालो. बायकोने माकडटोपी घालायला लावली. मुलीने ती फाटकापाशी काढायला लावली.

त्या रस्त्याचे वर्णन करणे मला जमणार नाही. पण जे दिसले ते सांगतो. मैलभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे गवत पांढरे होते, आणि ते बर्फ पडल्यासारखे सपाट पांढरे नव्हते; प्रत्येक पाते वेगळे दिसत होते, जणू प्रत्येकाला स्वतंत्रपणे तांदळाच्या पिठात बुडवून परत लावले होते. नेच्यांची वाळलेली तांबूस झुडपे कडेकडेने पांढरी झाली होती. डबक्यांवरचा बर्फ पायाखाली पापडासारखा मोडत होता. थोड्या अंतरावर लाल हरणांचा कळप बसलेला होता आणि त्यांच्या पाठींवरही तोच पांढरा थर होता. केसांखालची ऊब बाहेर येत नसावी, म्हणून तो वितळत नव्हता. फक्त त्यांच्या नाकांपुढे वाफेचे ढग दिसत होते. पलीकडे, हॅम्प्टन कोर्टच्या आवारात, १९११ साली राज्याभिषेकाच्या मिरवणुकीसाठी आलेल्या हिंदी पलटणींचा तळ होता, हे मी वाचलेले होते. आमच्या जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावे आहेत, त्यामुळे असली माहिती माझ्या लक्षात राहते. त्या बिचाऱ्यांनी ही थंडी कशी काढली असेल, असे मी मुलीला म्हणालो, आणि मग आठवले, की राज्याभिषेक जूनमध्ये होता.

कारंज्याजवळ माणसे जमली होती. मी कवायतीचा मास्तर, त्यामुळे गर्दीकडे पाहताना पहिल्यांदा रांगा शोधतो. रांगा नव्हत्या. बाबागाडीत मूल घेऊन धावायला आलेल्या आया होत्या, चांगले सत्तरी ओलांडलेले गृहस्थ अर्ध्या चड्डीत उभे होते, शाळकरी मुले होती, आणि पायांत खिळ्यांचे बूट घालून जागच्या जागी उड्या मारणारे खरे धावपटूही होते. नवख्यांना एका बाजूला बोलावून एका बाईंनी वाट कशी आहे, कुठे जपून पाय टाकायचा, हे सांगितले. सर्वांच्या तोंडातून वाफ निघत होती, त्यामुळे बोलणारा कोण हे लांबूनही कळत होते.

ही गोष्ट याच जागी सुरू झाली, हे मला त्या दिवशी कळले. २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थाने आपल्या धावणाऱ्या मित्रमंडळींना इथे बोलावले. तेरा जण धावले. तो स्वतः धावला नाही, कारण दुखापतीमुळे त्याला धावता येत नव्हते. धावता येत नाही तर निदान मित्रांची गाठ पडावी, म्हणून त्याने घड्याळ हातात घेतले. शेवटच्या रेषेवर द्यायची टोकने म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले, नंबर ठोकलेले वॉशर होते. मग २००७ मध्ये विम्बल्डनला दुसरी धाव सुरू झाली, आणि आता वीसहून अधिक देशांत दोन हजारांहून जास्त ठिकाणी हेच चालते. २०१७ पासून तर इंग्लंडमधल्या काही तुरुंगांच्या आवारातही. हे ऐकताना माझे लक्ष एकाच गोष्टीवर अडकले: या सगळ्याचा आरंभ न धावणाऱ्या, घड्याळ धरून उभ्या राहिलेल्या माणसापासून झाला. एकतीस वर्षे मीही तेच केले होते.

नऊला सूचना झाली आणि गर्दी हलली. हजार माणसे एकदम गोठलेल्या गवतावरून निघाली की जो आवाज होतो, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. वाळक्या ज्वारीच्या ताटांच्या गंजीत जनावर शिरावे तसा करकर आवाज, पण सगळ्या बाजूंनी. पहिल्या पाचशे मीटरांत हवा छातीत आरीसारखी जात होती. मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की थंडीत आधी शरीर तापवा, नाकाने श्वास घ्या, सुरुवात संथ करा. आणि त्या दिवशी मी स्वतः वीस मिनिटे हात खिशात घालून हरणांच्या आणि पलटणींच्या गप्पा मारत उभा होतो. तिसऱ्या किलोमीटरला डाव्या पोटरीत जो गोळा आला, तो पूर्णपणे माझ्या कमाईचा होता. मुलगी थांबली. मी तिला रागावून पुढे पाठवले, कारण आपल्यामुळे दुसऱ्याची वेळ बिघडावी ही कल्पना मला सोसत नाही.

मी चालू लागलो. सुरुवातीला माणसे झुंडीने पुढे गेली, मग एकेकटी, मग बाबागाड्या, मग एक आजोबा आणि त्यांचा तितकाच म्हातारा कुत्रा. नंतर कोणी नव्हते. पायवाटेच्या कडेला पिवळे जाकीट घातलेला एक तरुण उभा होता, वळण दाखवण्यासाठी. त्याने हातमोज्यांतल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा आवाज उशी झोडल्यासारखा झाला. तो किमान पाऊण तास त्याच जागी उभा असणार. धावणाऱ्याला थंडी पहिली दहा मिनिटे असते. उभ्या माणसाला ती संपूर्ण असते, हे मला मैदानावर उभ्या राहण्याच्या नोकरीमुळे चांगले ठाऊक आहे.

तेवढ्यात मागून एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात, अंगात तसलेच झळझळीत जाकीट. त्यांनी माझ्या पोटरीची चौकशी केली, मदत लागेल का ते विचारले, आणि मग काही घाई नसल्यासारख्या माझ्याबरोबर चालू लागल्या. मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितले, की माझ्यासाठी थांबू नका, मी शेवटचा आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की शेवटचा नंबर आज त्यांचा आहे, तो दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ही त्यांची थट्टा नव्हती. तशी नेमणूकच असते. दर शनिवारी एका स्वयंसेवकाचे काम एवढेच, की सर्वांच्या मागून चालायचे आणि सर्वांच्या नंतर पोहोचायचे.

एकतीस वर्षांत मी क्रीडामहोत्सवांचे जे तक्ते केले, त्यांत शिट्टी कोणाकडे, पिस्तूल कोणाकडे, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे, पाहुण्यांचा हार कोणाकडे, हे सगळे लिहिलेले असे. सर्वांच्या मागून चालण्यासाठी मी कधी कोणाला नेमले नव्हते.

शेवटची रेषा आली तेव्हा मला वाटले होते, की एव्हाना आवराआवर सुरू झाली असेल. तसे काही नव्हते. दोन माणसे हातात वेळ नोंदवण्याची साधने घेऊन उभी होती आणि आमच्याकडेच पाहत होती. त्यांच्यातल्या एकाचे नाक लालभडक झाले होते आणि तो बोटांवर फुंकर मारत होता, पण त्याची नजर रेषेवरून हलली नाही. मी रेषा ओलांडली आणि त्याने बटण दाबले. मला तो बारीक ‘टिक्’ आवाज आला, किंवा आला असे वाटले. हा आवाज मी इतक्या वेळा केलेला आहे, की त्याच्याविषयी माझ्या कानांची साक्ष धरू नये.

ही वेळ नोंदवण्याची पद्धत इतकी साधी आणि इतकी नेमकी आहे, की व्यवसायबंधू म्हणून तिचे कौतुक केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रेषेवरचा माणूस कोण आला हे पाहतच नाही. प्रत्येक पाऊल रेषेवरून गेले की तो फक्त बटण दाबतो. त्याच्याकडे वेळांची एक यादी तयार होते: पहिल्याची, दुसऱ्याची, तिसऱ्याची, आणि तशीच पुढे. रेषेनंतर दोन दोरांच्या मधून एक अरुंद वाट जाते. तिच्यातून माणसांनी आले त्याच क्रमाने चालायचे, आणि टोकाला उभा असलेला स्वयंसेवक प्रत्येकाला क्रमाचे टोकन देतो. मग तिसऱ्या ठिकाणी टोकन आणि आपला बारकोड दाखवायचा. तिथे क्रमांक आणि बारकोड यांची दुसरी यादी होते. या दोन याद्या नंतर एकमेकींना जोडल्या, की नाव, क्रमांक आणि वेळ जुळून येतात. आमच्या मैदानावर पाच परीक्षक एकाच रेषेकडे डोळे फाडून पाहत आणि तरी भांडणे होत. मला सर्वांत आवडले ते हे, की एखादा माणूस बारकोड विसरला तरी त्याची ओळ पुसली जात नाही. निकालात ती ‘अनोळखी’ म्हणून तशीच राहते.

दुपारी मुलीच्या फोनवर निकाल आला. मी चष्मा लावून तो वरून खाली वाचू लागलो आणि बराच वेळ वाचतच राहिलो. माझे नाव यायला वेळ लागला, हजाराच्या पुढे कुठेतरी. नावापुढे वेळ होती, मिनिटे आणि सेकंद. माझ्या खाली त्या बाईंचे नाव होते.

आता मला जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. माझ्या नोंदवह्या घरी साताऱ्याला एका पत्र्याच्या पेटीत आहेत. शंभर, दोनशे, आठशे, पंधराशे मीटर. वर्ष, इयत्ता, गट. पहिला, दुसरा, तिसरा, आणि त्यांच्या वेळा. तीन रकाने मी पट्टीने आखलेले. चौथा रकाना कुठल्याही वहीत नाही. तिसरा मुलगा रेषेवरून गेला की मी घड्याळ बंद करून बक्षिसांच्या टेबलाकडे वळत असे, आणि बाकीची मुले माझ्या पाठीमागून येत राहात. तीन बक्षिसे, तीन वेळा, यात मला कधी काही गैर वाटले नाही. आजही फार गैर वाटते असे नाही, चाळीस मुलांच्या शर्यतीत दुसरे काय करणार? तरी त्या दुपारी मी आठवून पाहिले आणि मला एकाही चौथ्या मुलाची वेळ आठवेना. ती विसरलो असतो तर निराळे. ती कधी माहीतच नव्हती.

आणि मग, आठवायचे नव्हते ते आठवले. शाळेतून गेलेली मुले भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येत. साताऱ्याच्या रस्त्यांवर आणि अजिंक्यताऱ्याच्या चढावर पहाटे धावणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. सोळाशे मीटर, म्हणजे चारशेच्या ट्रॅकला चार फेऱ्या. पोलीस भरतीत त्याचे गुण, आणि लष्कराच्या भरती मेळाव्यात तर ठरलेली वेळ संपली की रेषेवर दोर आडवा धरतात. दोराच्या अलीकडचे पुढच्या चाचणीला जातात, पलीकडचे घरी जातात. एक मुलगा होता, बापाला शेत नव्हते, दुसऱ्यांच्या उसात तो मजुरी करी. आठ महिने मी त्याला पळवले. मेळाव्याच्या दिवशी तो दोरापासून दोन पावलांवर राहिला. कुंपणाच्या बाहेर आल्यावर तो रडला नाही. त्याने विचारले, ‘सर, माझी वेळ किती लागली?’

मला सांगता आले नाही. माझ्या हातात घड्याळ होते, पण दोर आडवा येताच मी ते थांबवले होते.

त्याला त्या आकड्याचा काय उपयोग होता, असा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला आणि उत्तर सोयीचे काढले. उपयोग होता. पुढच्या वेळी किती कमी करायचे, हे त्याला कळले असते. आणि तेही सोडा; चार फेऱ्या पूर्ण केल्या होत्या त्याने, त्या किती वेळात केल्या एवढे तरी त्याला माहीत असायला हवे होते. आज तो टेम्पो चालवतो, बरे चालले आहे, दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतो. त्या शनिवारी मुलीने काढलेला माझा फोटो, लाल कानांचा आणि पांढऱ्या गवतातला, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पोहोचला, तेव्हा पहिला प्रश्न त्याचाच आला: ‘सर, कितवा नंबर?’ मी खरा नंबर लिहिला. बऱ्याच हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे आली. मग त्याने स्वतंत्रपणे लिहिले, ‘आणि वेळ?’

मी ती सेकंदांसकट कळवली.

पार्करनविषयी सगळेच मला पटते असे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी संकेतस्थळावरून सर्वांत वेगवान वेळांच्या आणि विक्रमांच्या याद्या काढून टाकल्या. नवख्या माणसाला त्या पाहून दडपण येऊ नये, असा हेतू. त्यावर तिथे बरीच नाराजीही झाली, आणि माझे मत नाराज लोकांच्या बाजूचे आहे. मुलांना भिंतीवरचा विक्रमांचा फलक वाचून पाय शिवशिवताना मी पाहिले आहे. वेगवान माणसाचा आकडा झाकल्याने संथ माणूस वेगवान होत नाही आणि सुखीही होत नाही. शेवटचा आकडा लिहायला जागा हवी, म्हणून पहिला पुसायचे कारण नाही. पण हे झाले माझे मास्तरी मत. तिथे वर्षानुवर्षे सरासरी वेळ वाढत चालली आहे, म्हणजे लोक एकंदर अधिकाधिक संथ होत आहेत, आणि चालवणारे ही गोष्ट अभिमानाने सांगतात. ते वाचून मी आधी हसलो आणि नंतर पुष्कळ दिवस त्याचा विचार करत राहिलो. डॉक्टरांची तिथली राष्ट्रीय संस्था २०१८ पासून दवाखान्यांना या धावण्याशी जोडून घेते आहे, म्हणजे ज्यांनी बरीच वर्षे एक पाऊलही पळून टाकलेले नाही अशी माणसे औषधाच्या चिठ्ठीऐवजी इथला पत्ता घेऊन येतात. ती आली की सरासरी वाढणारच.

पुढचा शनिवार रद्द झाला. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून रात्री पारा उतरला होता, आणि सकाळी वाटेवर काच ओतल्यासारखा बर्फ होता. मी तरीही काठी घेऊन फाटकापर्यंत गेलो. रद्द झाल्याचे न कळलेले सातआठ जण आले होते, आणि त्यांना परत पाठवण्यासाठी दोन स्वयंसेवक तिथे उभे होते. धाव नाही म्हणजे काम नाही, असे त्यांनी धरले नव्हते. मी त्यांच्याशी थोडे बोललो. काय करत होता, असे त्यांनी विचारले, मी सांगितले. घड्याळ धरता येईल का, असे त्यांनी विचारले.

घड्याळ धरता येईल का!

त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा दव गोठले होते, पहिल्यापेक्षा थोडे विरळ. बायकोने माकडटोपी दिली आणि या वेळी फाटकापाशी ती काढायला कोणी सांगितले नाही, कारण मुलगी पुढे निघून गेली होती आणि मला लवकर पोहोचायचे होते. रेषेवर आम्ही दोघे होतो; एकाचे चुकले तर दुसऱ्याचे वापरता यावे, म्हणून. उजव्या हातमोज्याच्या अंगठ्याचे टोक मी घरीच कात्रीने कापून आणले होते. पहिला आला तो वाऱ्यासारखा, मग दुसरा, मग तिसरा, आणि खोटे कशाला सांगू, तिसऱ्यानंतर माझा अंगठा सवयीने सैल पडला. चौथा रेषेपासून दहा पावलांवर होता. लाल बनियन, गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ फाटलेले. मी अंगठा पुन्हा जागेवर आणला आणि बटण दाबले.

मग पाचवा आला, मग चारपाच जण एकदम, मग तर झुंडीच सुरू झाल्या आणि विचार करायला वेळ राहिला नाही. वीस मिनिटांपासून पस्तीस मिनिटांपर्यंतचा काळ म्हणजे पुरात काठावर उभे राहून लाटा मोजण्यासारखा असतो. पुढे गर्दी पातळ झाली. पाऊण तासानंतर एकेकट्या आकृत्या झाडांमधून दिसत, बराच वेळ तेवढ्याच राहात आणि हळूहळू मोठ्या होत. अंगठ्याची संवेदना गेलेली होती. तो दाबला जातो आहे की नाही, हे मी डोळ्यांनी पाहून खात्री करून घेत होतो. माझ्या जोडीदाराने थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. तो पचपचीत होता आणि मी तो सगळा प्यालो.

तास होत आला तेव्हा दोनच माणसे उरली होती. पुढे एक जाडगेलीशी बाई, लाल झालेल्या गालांची, थांबत थांबत येणारी. आणि तिच्या शेजारी, तिच्याच चालीने, झळझळीत जाकिटातला एक तरुण. रेषेच्या जवळ आल्यावर तो अर्धे पाऊल मागे राहिला. बाई रेषेवरून गेली, मी बटण दाबले. मग तो आला, आणि त्याच्यासाठी पुन्हा एकदा दाबले. जोडीदाराकडे पाहिले, त्याचाही आकडा माझ्याइतकाच होता, एकाचाही फरक नव्हता. त्यांच्यामागे वाटेवर आता फक्त हरणे होती.